कोन्या गावचे पाहुणे?

कारंजा लाड या नगराला पूर्वी तट होता आणि त्या तटाला चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस ही त्यांची नावे कारंजेकरांच्या तोंडी अद्याप आहेत. वेशीला नाव द्यायचे ते राजाचे वा देवाचे नव्हे, तर तेथून निघणारी वाट जेथे पोहोचते त्या ठिकाणाचे, असा हा रिवाज. त्यामुळे हाकेच्या अंतरावरील पोहे आणि शेकडो कोसांवरील दिल्ली यांना एकाच तटात सारखाच मान मिळाला. वाट जशी बाहेर जाते तशीच ती आतही येते, हे या गावाला फार आधी उमगले असावे. आत येणाऱ्याला ओट्यावरची वडीलधारी माणसे आजही पहिला प्रश्न विचारतात, तो असा : "कोन्या गावचे जी पाहुणे?"

पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न प्रथम खटकतो. त्याच्यामागून दुसरा येतो, तिसरा येतो. आडनाव, समाज, मुलेबाळे, पगार, सारे काही चौकशीच्या कक्षेत येते. वऱ्हाडात मात्र ही चौकशी म्हणजे ओळखीचे खाते उघडणे होय. ज्याला काहीच विचारले जात नाही तो येथे खरा परका.

वाशीम हा जिल्हा तसा वयाने लहान. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन तो अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हे त्याचे सहा तालुके. काळी जमीन, सोयाबीन, तूर आणि कापूस, वैशाखात अंग भाजून काढणारे ऊन, आणि मोठ्या शहरांपासून लांब असल्याची थोडी खंत. बाहेरच्या माणसाने मुद्दाम यावे असे या भागात काय आहे, असे शासकीय बदलीचा कागद हाती पडलेला कर्मचारी मनाशी म्हणतो. जैन वाचकाला मात्र हा प्रश्न पडू नये. कारंजा आणि शिरपूर ही दोन नावे त्याच्या कानावर लहानपणापासून असतात.

परक्याच्या दृष्टीने कारंजा कसे दिसले, याची एक जुनी नोंद उपलब्ध आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शीलविजय नावाचे श्वेतांबर मुनी तीर्थयात्रा करीत दक्षिणेकडे आले. त्यांनी आपल्या प्रवासाची 'तीर्थमाला' जुन्या गुजरातीत रचली. पंडित नाथूराम प्रेमी यांनी या तीर्थमालेचा परिचय हिंदी वाचकांना करून दिला, आणि तेव्हापासून कारंज्याचे त्यातील वर्णन अभ्यासकांना परिचित आहे. त्या वेळी कारंजा हे धनवंतांचे नगर होते आणि तेथील जिनमंदिरे दिगंबर आम्नायाची होती. शीलविजयांना तेथे भोज संघवी नावाचा बघेरवाल श्रावक दिसला. त्याची पूजा, त्याचा आचार, त्याने गिरनारच्या यात्रेत केलेला खर्च या सर्वांची नोंद मुनींनी केली आहे. पण वाचकाचे मन थबकते ते पाणपोईच्या उल्लेखापाशी. या घराण्याच्या पाणपोयांवर वाटसरूंना हिवाळ्यात दूध आणि उन्हाळ्यात उसाचा रस व वेलदोड्याने सुवासित केलेले पाणी मिळत असे.

मुनी स्वतः अशा पाणपोईवर थांबून रस पिणारे नव्हेत. शिवाय त्यांचा आम्नाय निराळा, भाषा निराळी, प्रदेश निराळा. तरीही त्यांनी हे आवर्जून लिहिले. श्रावकाच्या बारा व्रतांतील अतिथिसंविभाग हे व्रत मूलतः मुनींना शुद्ध आहार देण्याविषयीचे आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. कारंज्याच्या संघवीने आपल्या सवयीने त्या व्रताचा परीघ रस्त्यापर्यंत वाढवला आणि एका परक्या साधूने त्याची साक्ष ठेवली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातील एका सामान्य दुपारचे इतके सुगंधी चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अर्थात कारंजा केवळ नम्र नव्हते. गावात कस्तुरीच्या हवेलीची कथा सांगतात. कोणी एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत होता. एवढा माल एकरकमी घेणारा त्याला कोठे भेटेना. कारंज्यातील सावकाराने तो सगळा घेतला, सुरू असलेल्या बांधकामाच्या चुन्यात ओतला, आणि वर व्यापाऱ्यालाच विचारले की मोबदला कोणत्या बादशहाच्या नाण्यांत हवा. कथा खरी की रचलेली, हे कोण ठरवणार? बाहेरून आलेल्याला तृप्त करावे, आणि जमल्यास थक्कही करावे, अशी या गावाची दुहेरी हौस मात्र त्यातून नेमकी दिसते.

या यजमानांचे मूळ शोधू गेल्यास तेही कधी काळी पाहुणेच होते. बघेरवाल समाज आपले मूळ राजस्थानातील बघेरा गावाशी जोडतो. 'लाड' हे नाव गुजरातेतील लाट देशाशी जोडले जाते. बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठा संघ अशा तीन परंपरांची मंदिरे येथे उभी राहिली, भट्टारकांच्या गाद्या नांदल्या. त्यांच्या शिष्यांत पुढे मराठीत रचना करणारे कवी झाले. जे उत्तरेकडची बोली घेऊन आले त्यांच्या नातवंडांनी मराठीत जिनकथा लिहिल्या. डॉ. विद्याधर जोहरापूरकरांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या 'भट्टारक संप्रदाय' या ग्रंथात या परंपरांचे लेख एकत्र पाहावयास मिळतात. तेथील नावांची यादी कोरडी आहे खरी, परंतु ती वाचताना एवढे निश्चित कळते की या नगरात 'मूळचा' हा शब्द जपून वापरावा लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी असाच एक तरुण येथे आला. करमाळ्याचे देवचंद शहा, पुढे मुनी समंतभद्र महाराज म्हणून सर्वांना वंदनीय झालेले, यांनी १९१८ मध्ये कारंज्यास महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली. पदवीधर, अविवाहित, ध्येयवादी असा हा तरुण सोलापूरकडचा. वऱ्हाडात ना नाते ना जमीन. गुरुकुल म्हटले की जागा लागते, धान्य लागते, दूध लागते, आणि सर्वांत अवघड म्हणजे आईबापांचा विश्वास लागतो. हे सारे एका परगावच्या माणसाच्या पदरात घालणे हे काही लहान औदार्य नव्हे. पुढे १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे आणि नंतर वेरूळला त्यांनी गुरुकुले उभारली. दक्षिण महाराष्ट्रात बाहुबलीचे नाव अधिक गाजले. पण ती वेल प्रथम रुजली ती वऱ्हाडच्या काळ्या मातीत, हे अनेकांच्या ध्यानी नसते.

ब्रह्मचर्याश्रमात दूरदूरची मुले आली. कृष्णाकाठच्या मुलाला येथील बोली प्रथम चमत्कारिक वाटावी, यात नवल नाही. 'मला' नव्हे 'मले', 'का' नव्हे 'काऊन', 'हो' नव्हे 'हाव'. मुलगा म्हणजे 'पोट्टं'. घरी असा शब्द ऐकून रडू आले असते, तो येथे मायेने उच्चारला जातो हे कळायला मुलाला काही दिवस लागतात. शब्दाचा अर्थ कोशात नसून तो उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो, हे ज्ञान परगावी राहिल्यावाचून होत नाही.

परंतु कारंज्याने परक्यावर टाकलेला सर्वांत मोठा विश्वास अन्नाचा वा आसऱ्याचा नव्हता. तो शास्त्रभांडारांचा होता. येथील मंदिरांत संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश ग्रंथांच्या हस्तलिखित पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या वेष्टनांत बांधून ठेवलेल्या होत्या. त्या काळची वृत्ती आठवली पाहिजे. शास्त्र छापणे हाच अविनय, असे मानणारे श्रावक ठिकठिकाणी होते. पोथी एकदा बाहेर गेली की परत येत नाही, हा अनुभवही खोटा नव्हता. मूडबिद्रीचे सिद्धांतग्रंथ कित्येक पिढ्या दर्शनापुरतेच होते. अशा वातावरणात कोणी अनोळखी पंडित गावात येऊन 'कपाट उघडा' म्हणतो, तेव्हा त्याला नम्रपणे वेशीपर्यंत पोहोचवून येणे हेच सोपे असते.

कारंज्यात तसे झाले नाही. डॉ. हीरालाल जैन हे नरसिंहपूर जिल्ह्यातील एका खेड्यातले हिंदीभाषक. १९२५ पासून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. कटनीचे रायबहादूर हीरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्यांना मोठे स्थान मिळाले. (या दोन हीरालालांची गल्लत आजही होते; वाचकांनी सावध असावे.) सूचीमुळे जगाला कळले की अपभ्रंशातील मोलाची काव्ये वऱ्हाडातील एका व्यापारी गावी सुरक्षित आहेत. मग कारंज्यानेच पुढचे पाऊल टाकले. अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला, अर्थात कारंजा जैन सिरीज, सुरू झाली. तीत १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' निघाले, पाठोपाठ डॉ. हीरालाल जैन यांनी 'सावयधम्मदोहा', 'पाहुडदोहा', 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ मध्ये 'करकंडचरिउ' सिद्ध केले. पोथी उघडणारेही कारंजेकर, आणि छापण्यासाठी द्रव्य देणारेही तेच.

यातील 'जसहरचरिउ' आणि 'णायकुमारचरिउ' यांचा कर्ता महाकवी पुष्पदंत. त्याने आपल्या महापुराणाच्या आरंभी स्वतःची एक हकीकत सांगितली आहे. अपमानाने होरपळलेला, दीर्घ वाटचालीने थकलेला हा कवी राष्ट्रकूटांच्या राजधानीबाहेरच्या उपवनात येऊन टेकला. दोन नागरिक त्याच्यापाशी आले आणि नगरात का येत नाही म्हणून विचारू लागले. दुर्जनांच्या वाकड्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगरात राहून मरण पत्करलेले बरे, अशा आशयाचे तीक्ष्ण उत्तर कवीने दिले. दुसरे कोणी असते तर निघून गेले असते. त्या दोघांनी मात्र मंत्री भरताच्या सौजन्याची खात्री देऊन त्याला आत नेले, आणि भरताच्या आश्रयाने ९६५ मध्ये महापुराण पूर्ण झाले. रस्त्यावरच्या दोन सामान्य माणसांनी एका चिडलेल्या परक्याची विचारपूस केली नसती, तर अपभ्रंश साहित्य केवढ्या वैभवाला मुकले असते! अशा कवीची काव्ये कारंज्यासारख्या गावाने जपावीत, हा योगायोगच म्हणावा लागेल. पण तो फार शोभणारा योगायोग आहे.

कारंज्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी, वाशीमला, आले की काळ बदलतो. येथे येणारा परका म्हणजे आता बँकेत, शाळेत, महसूल खात्यात बदलून आलेला माणूस. प्राचीन वत्सगुल्म हेच हे नगर. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषामागे देशोदेशी फिरणाऱ्या साहित्यविद्येचा त्याच्याशी विवाह अखेर विदर्भातील वत्सगुल्मातच झाला, अशी रम्य कल्पना आहे. देशभर हिंडून माणूस येथे स्थिरावतो, ही कल्पना बदलीच्या कर्मचाऱ्याला पहिल्या महिन्यात तरी पटत नाही.

सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या जैन कुटुंबाची पहिली अडचण बाजारात सुरू होते. भाजीवाली विचारते, "सांबार देऊ का बाई?" आणि बाईंच्या डोळ्यांसमोर इडलीसोबतची वाटी उभी राहते. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. दुसऱ्या खेपेस भाजीवाली स्वतःच हसते, जुडीवर चार काड्या जास्त ठेवते आणि टोमॅटोला येथे 'भेदरं' म्हणतात हा दुसरा धडा फुकट देते. तिसऱ्या खेपेस तिला ठाऊक झालेले असते की या घरात कांदा, लसूण, बटाटा जात नाही, आणि ती पिशवी पाहून आधीच सांगते, "तुमच्या कामाचं आज गवार हाय."

खरी परीक्षा असते ती निमंत्रणाची. शेजारी रोडगे करतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी हा वऱ्हाडचा मोठा पाहुणचार. पाहुणा म्हणतो, वांगे चालत नाही. लसणाची फोडणी चालत नाही. सूर्य मावळल्यावर तर काहीच चालत नाही. यजमानीण क्षणभर स्तब्ध होते. "मंग खाता तरी काय, बाप्पा?" या उद्गारात उपहास नसतो, चिंता असते. पुढच्या वेळी तीच दारात येऊन सांगते, "दिवस बुडाच्या आत या बरं. तुमचं वरण फोडनीच्या आधी काढून ठेवलं हाय." ज्या घरात लसणावाचून जेवणाला चव नाही, तेथे कोणाच्या तरी व्रतासाठी एक पातेले बाजूला काढून ठेवले जाते. त्या माउलीने व्रताचे शास्त्र वाचलेले नसते, आणि त्याची तिला गरजही भासत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट नोंदवणे भाग आहे. आहाराचे नियम आत्म्याच्या संयमासाठी आहेत. पण परगावी त्यांची भिंत सहज होते. शुद्धतेचे कारण पुढे करून वर्षानुवर्षे शेजाऱ्याचा उंबरा न ओलांडलेली कुटुंबे सर्वत्र असतात, वाशीमलाही असतील. बदली होते, सामान ट्रकमध्ये चढते, आणि निरोपाला कोणी नसते. मग 'तिकडची माणसे मोकळी नाहीत' असे गावी जाऊन सांगितले जाते. पातेले बाजूला काढणाऱ्या शेजारणीच्या घरी निदान बसावे, गाळलेले पाणी मागावे, गूळ-शेंगदाणे घ्यावेत. व्रताला बाध येत नाही आणि नाते राहते. तिला आपल्याकडे बोलवावे, हे तर उघडच आहे. वऱ्हाडी माणूस एकदा नकार समजून घेतो, दोनदा घेतो. तिसऱ्यांदा तो विचारणे सोडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मालेगाव तालुक्यातील शिरपूरला तर परक्यांनी स्थानिकांच्या धीराची फार मोठी कसोटी पाहिली आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांची ही भूमी दोन्ही आम्नायांना प्राणप्रिय. १९०५ मध्ये दोन्ही पक्षांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तरी वाद शमला नाही. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून मंदिराला कुलूप लागले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले. चार दशकांहून अधिक काळ यात्रेकरू झरोक्यातून दर्शन घेऊन परतत राहिले. न्याय कोणाच्या बाजूचा, हा विषय न्यायालयाचा आहे आणि येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. या साऱ्या वर्षांत गावात राहिले ते गावकरीच. त्यांनी दोन्ही बाजूंच्या यात्रेकरूंना एकाच रिक्षात बसवले, एकाच दुकानातून नारळ दिले, एकाच विहिरीचे पाणी दाखवले. अहिंसेचा वारसा सांगणाऱ्यांना एकत्र बसता येईना, आणि ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता ते दोघांनाही रस्ता सांगत राहिले.

आता येथे येण्याची रीतही पालटली. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील नॅरोगेजची 'शकुंतला' कारंज्यावरून जात असे. तिच्या मंद गतीत सहप्रवाशांची पूर्ण वंशावळ विचारून होत असे. ती गाडी बंद पडली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. मोटार सुसाट येते, दर्शन होते, आणि चहा न घेताच यात्रेकरू पुन्हा रस्त्याला लागतो. घाई असलेल्याला कोणी अडवत नाही.

कारंज्यात मात्र अजूनही एखाद्याने जुन्या पोथ्या पाहण्याची इच्छा बोलून दाखवली, तर किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ दुकानात किंवा शेतावर गेलेले असतात. कोणाला तरी सायकलवर पिटाळले जाते. तोवर पाहुण्याला मंदिराच्या ओट्यावर बसवतात आणि समोरच्या घरातून गाळलेल्या पाण्याचा तांब्या येतो.